चित्र सुचतं कुठून?

(रेडिओवर दोन भागांत झालेलं हे बोलणं, ज्या गटांना ऐकता आलं नाही त्यांच्यासाठी इथे एकत्र छापत आहोत.)



मागे आपण रांगोळी आणि भिंतीवरच्या चित्रांबद्दल बोललो होतो. तो कार्यक्रम संपला आणि आमचा फोन वाजायला लागला. त्यातला एका ताईंचा प्रश्न आमच्या डोक्यात घर करून राहिला. त्या म्हणाल्या, “माझा हात चांगला आहे असं गावात सगळे म्हणतात. कुठे लग्न असलं की मला बोलावणं येतं. पण मी नेहमी दुसऱ्याचं बघून काढते. माझं मला काही सुचत नाही. हे मोठे चित्रकार असतात, त्यांना सुचतं तरी कुठून? आणि त्यांच्यामागे धुणीभांडी नसतात का?”

ताई हसत बोलल्या, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्यातल्या कितीतरी जणींना वाटतं की चित्र काढणं हे रिकामपणाचं काम आहे. ज्याच्याकडे पैसा आहे, वेळ आहे, ज्याने शाळा-कॉलेजात शिकून घेतलंय, त्याचं ते काम. आपण आपली दारापुढे चार ठिपक्यांची रांगोळी घालावी, झालं.

म्हणून आज आम्ही काही चित्रकारांच्या घरात डोकावणार आहोत. यातल्या बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. कुणी वीटमाती उचलली, कुणी दुसऱ्यांची भांडी घासली, कुणी जंगलातून मोळी आणून विकली. तरी आज त्यांची चित्रं मोठ्या संग्रहालयांत आहेत. त्यांना काय आवडायचं, काय सलत होतं आणि त्यातून चित्र कसं झालं, ते बघू या.

आधी आपल्या घरातलं: वारली

सुरुवात आपल्या पालघर जिल्ह्यातून करू. वारली चित्र आता तुम्ही कुर्त्यावर, पिशवीवर, बँकेच्या भिंतीवरसुद्धा पाहता. त्रिकोणाला त्रिकोण जोडून केलेली माणसं, गोल फेर धरून चाललेला तारपा नाच. पण ही चित्रं मुळात विकण्यासाठी नव्हतीच. वारली घरात लग्न निघालं की सवाशिणी कुडाच्या भिंतीवर लग्नचौक लिहायच्या. भिंत शेणामातीने सारवायची, त्यावर गेरू. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करायचं, तोच कुंचला. चौकात पालघट देवी बसायची. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागायचं नाही. म्हणजे हे काम बायकांचं, मानाचं आणि गरजेचंही. फक्त त्याखाली कुणाचं नाव नसायचं, आणि लग्न उरकलं की भिंत पुन्हा सारवली जायची.

१९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी नावाचे मराठी चित्रकार या पाड्यांवर गेले. त्यांनी लोकांना कागद दिले, रंग दिले. त्या वेळी गंजाडचे जिव्या सोमा मशे पुढे आले. लग्नाचा चौक सोडून रोज चित्र काढणारे ते पहिले वारली पुरुष म्हणून ओळखले जातात. त्यांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. लहानपणीच आई गेली आणि त्या धक्क्याने पोराने बोलणं टाकलं. काही सांगायचं असलं की ते धुळीत बोटाने चित्र काढून सांगायचे. ज्या मुलाला शब्द सापडत नव्हते, त्याला रेघ सापडली. मासे पकडायचं जाळं, पेरणी, मुंग्यांची रांग, आगगाडी असं जे डोळ्यांपुढे होतं ते सगळं त्यांनी काढलं. त्यांचं जाळ्याचं चित्र पाहिलं तर एकेक गाठ मोजावीशी वाटते. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते वारले.

जिव्याबाबांचं मोठेपण आहेच. पण इथे एक गोष्ट आम्हाला थांबून सांगायची आहे. जोवर चित्र भिंतीवर होतं, तोवर ते बायकांचं होतं. ते कागदावर आलं, त्याला पैसा आला, नाव आलं, तेव्हा पुष्कळ घरांत ते पुरुषांकडे गेलं. आज वारली बायकाही कागदावर, कापडावर चित्रं काढतात, विकतात. पण ज्या सवाशिणींनी पिढ्यान् पिढ्या चौक लिहिले, त्यातल्या एकीचंही नाव आपल्याला ठाऊक नाही. ही गोष्ट मनात ठेवा, शेवटी आपण तिच्याकडे परत येऊ.

बिहारच्या भिंती आणि गंगादेवी

वारली पाड्यांवर यायच्या आधी हेच भास्कर कुलकर्णी बिहारमध्ये मधुबनी भागात गेले होते. १९६६-६७ मध्ये तिथे भयंकर दुष्काळ पडला. लोकांच्या हाताला काम नव्हतं. आपल्याकडे १९७२च्या दुष्काळात बायकांनी खडी फोडली हे तुमच्या आजीला विचारा, ती सांगेल. मधुबनीच्या बायका भिंतीवर फार सुंदर चित्रं काढतात हे सरकारच्या हस्तकला मंडळाला माहीत होतं. मंडळातल्या पुपुल जयकर यांनी कुलकर्णींना तिकडे पाठवलं. तुम्ही भिंतीवर काढता तेच कागदावर काढा, आम्ही विकत घेऊ, असं त्यांनी बायकांना सांगायचं होतं. एका अर्थी ते दुष्काळी कामच होतं, फक्त कुदळीच्या जागी काडी आणि रंग आले.

तिथेही चित्राचं मूळ लग्नातच आहे. नवरा-नवरी ज्या खोलीत पहिले दिवस राहतात तिला कोहबर म्हणतात. तिच्या भिंतीवर कमळ, बांबू, मासे, पोपट काढतात. वंश वाढावा, घर भरावं असा त्याचा अर्थ. काजळीपासून काळा रंग, हळदीपासून पिवळा, फुलापानांपासून बाकीचे.

अशाच घरात गंगादेवी वाढल्या. त्यांचा जन्म १९२८ च्या सुमाराचा. चित्र त्या आईकडून शिकल्या. त्यांना भरीव रंगापेक्षा बारीक रेघ आवडायची. तिकडे या पद्धतीला कचनी म्हणतात. म्हणजे आकार रंगाने भरून टाकायचा नाही, आत बारीक बारीक रेघा मारत जायचं, जसं आपण गोधडीला धावदोरा घालतो तसं. एवढा धीर कुठून आणायचा असं वाटतं. पण त्यांच्या आयुष्यानेच त्यांना धीर शिकवला असावा.

गंगादेवींना मूल नव्हतं. नवऱ्याने दुसरं लग्न केलं आणि यांच्या वाट्याला हाल आले. मैत्रिणींनो, यापुढे काय झालं असेल ते आपण शंभर घरांत पाहिलंय. एक तर बाई सोसत कोपऱ्यात पडून राहते, नाहीतर माहेरी परतते. गंगादेवींच्या हातात चित्र होतं. कागदावरच्या चित्रांना पैसे मिळू लागले होते, त्यावर त्या उभ्या राहिल्या. पुढे त्यांनी ‘मानव जीवन’ नावाची चित्रमाला काढली. त्यात गावातल्या बाईचं आयुष्य आहे. बाईला दिवस जातात तिथपासून बाळाचा जन्म, छठीची पूजा, मुलीचं वाढणं, लग्न. हे कुठल्या पुराणात नव्हतं. ते त्यांनी आजूबाजूला पाहिलं होतं, आणि त्यातलं बरंच स्वतःच्या वाट्याला आलं नाही हे दुःखही त्यांना माहीत होतं.

१९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९८५ मध्ये भारत महोत्सवासाठी त्या अमेरिकेत गेल्या. तिथे जत्रेत असते तशी, पण फार मोठी, रुळावरून वर-खाली धावणारी गाडी त्यांनी पाहिली आणि तिचंही चित्र काढलं, त्याच आपल्या बारीक रेघेत. परदेशात गेल्या म्हणून हात बदलला नाही. डोळ्यांनी नवं पाहिलं, हाताने आपल्या भाषेत सांगितलं.

मग त्यांना कॅन्सर झाला. दिल्लीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, एम्समध्ये, उपचार सुरू झाले. आपल्याकडे बाईला असलं दुखणं झालं तर आपण शेजारणीलाही कळू देत नाही. गंगादेवींनी त्याची चित्रं काढली. गावातून निघणं, दवाखाना, डॉक्टर, तपासण्या, उपचार. कोहबरच्या भिंतीवर देव आणि कमळं काढणारी तीच रेघ आता दवाखान्याची खाट काढत होती. उपचार चालू असतानाच त्यांनी दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात एक अख्खं कोहबर घर रंगवलं. १९९१ मध्ये त्या गेल्या. काही वर्षांपूर्वी संग्रहालयाच्या दुरुस्तीच्या कामात ते कोहबर घरही राहिलं नाही. हे सांगताना आम्हाला वाईट वाटतं, पण सांगितलं पाहिजे, कारण बायकांच्या कामाचं असं पुष्कळदा होतं. जपून ठेवण्यासारखं आहे हे कळेपर्यंत ते पुसलेलं असतं.

भांडी घासता घासता: दुलारीदेवी

मधुबनीच्याच रांटी गावात दुलारीदेवी राहतात. त्या मल्लाह समाजाच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्या. पूर्वी ही चित्रकला मुख्यतः ब्राह्मण आणि कायस्थ घरांतल्या बायकांची मानली जायची. दुलारीदेवींचं लग्न लहानपणीच झालं. सासरी सुख नव्हतं, तान्ही मुलगी गेली, आणि विशीच्या आतच त्या माहेरी परतल्या. शाळा नाही, हातात पैसा नाही. गावातल्या घरांत झाडलोट, भांडी असं काम धरलं.

त्यातलं एक घर महासुंदरीदेवींचं होतं. महासुंदरीदेवी आणि कर्पूरीदेवी या दोघी नावाजलेल्या चित्रकार. घरात सारखी चित्रं चाललेली. दुलारी झाडता झाडता बघायच्या. घरी आल्यावर काडीने अंगणातल्या मातीत रेघा ओढायच्या. शेवटी धीर करून मलाही शिकवा म्हणाल्या. कर्पूरीदेवींनी हाताशी धरलं. रंग भरता भरता, रेघ ओढता ओढता दुलारीदेवी स्वतः चित्रकार झाल्या.

आता बघा, त्यांनी काय काढलं. राम-सीता, कृष्ण काढलेच. पण ज्यासाठी त्या ओळखल्या जातात ती चित्रं त्यांच्या लोकांची आहेत. तळं, मासे, जाळं टाकणारे मल्लाह, बाजारात मासळी विकणाऱ्या बायका, शेतात राबणारे मजूर. ज्या जगण्याला त्या घरांच्या भिंतींवर जागा नव्हती, ते त्यांनी कागदावर आणून बसवलं. आपली कहाणीही त्यांनी चित्रांतून सांगितली, तिचं इंग्रजीत पुस्तक झालं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२५ च्या फेब्रुवारीत अर्थसंकल्प मांडताना अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी मधुबनी चित्रांची साडी नेसली होती, तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. ती साडी दुलारीदेवींनी दिलेली.

मधुबनीतलीच आणखी एक छोटी गोष्ट सांगतो. तिथल्या दुसाध समाजातल्या बायकांनी, त्यात चानोदेवी पुढे होत्या, आपली वेगळी चित्रं काढायला घेतली. त्यांनी नक्षी कुठून घेतली? स्वतःच्या अंगावरच्या गोंदणातून. तिकडे गोंदणाला गोदना म्हणतात आणि त्या चित्रांनाही तेच नाव पडलं. आपल्या आजीच्या हातावरची तुळस, विंचू, सीतेचा पदर आठवतोय ना? त्या हाताकडे आपण कधी चित्र म्हणून पाहिलंय का?

“आमचं काम कोण करणार?”: भुरीबाई

आता मध्य प्रदेशात जाऊ. भोपाळला तळ्याच्या काठी भारत भवन नावाचं मोठं कलाकेंद्र आहे. ते १९८२ मध्ये सुरू झालं. त्याचं बांधकाम चाललं होतं तेव्हा झाबुआ जिल्ह्यातून आलेले भिल्ल मजूर तिथे राबत होते. त्यात पिटोल गावच्या भुरीबाई होत्या. रोज होता ६ रुपये. हिंदी येत नव्हती, फक्त भिली.

तिथल्या संग्रहालयाचं काम बघणारे चित्रकार जगदीश स्वामिनाथन मजुरांशी बोलत. तुमच्या गावाकडे घरांवर काय काढता, ते इथे कागदावर काढून दाखवा, असं त्यांनी म्हटलं. यावर भुरीबाईंना पहिला प्रश्न पडला तो असा, की आम्ही चित्र काढत बसलो तर आमचं काम कोण करणार? म्हणजे रोज बुडणार त्याचं काय? स्वामिनाथन यांनी सांगितलं की चित्र काढायचाच रोज देऊ. आणि तो वीटमातीच्या रोजापेक्षा जास्त होता. बसून, सावलीत, आवडीचं काम करायचं आणि वर जास्त पैसे, याचं भुरीबाईंना नवलच वाटलं.

गावी त्या घराच्या भिंती माती, गेरू, हळद, पानांचा रस, तव्याची काजळी यांनी सजवायच्या. आता कागद, ब्रश आणि बाटलीतले रंग पहिल्यांदाच हाती आले. भिल्ल चित्रांत ठिपके फार महत्त्वाचे. प्राणी काढायचा आणि त्याचं अंग ठिपक्यांनी भरायचं. भुरीबाईंची हरणं, मोर, झाडं अशा ठिपक्यांनी भरलेली असतात, जणू मक्याचे दाणे मांडून ठेवलेत. त्यांच्याकडे पिठोरा देवाची चित्रं असतात, त्यात घोडे. पण पिठोऱ्याचा घोडा बाईने काढायचा नाही असा रिवाज. भुरीबाईंनी तो घोडा सोडला आणि बाकीचं सगळं जग काढलं. जंगल, गुरं, घर, शेत, सण, आणि शहरात आल्यावर मोटारी नि विमानंसुद्धा. पुढे भोपाळच्या आदिवासी लोककला अकादमीत त्यांना चित्रकार म्हणून काम मिळालं. २०२१ मध्ये, दुलारीदेवींच्याच वर्षी, त्यांनाही पद्मश्री मिळाली.

भुरीबाईंचा तो प्रश्न आम्हाला फार मोलाचा वाटतो. बाईला सुचत नाही असं नसतं, मैत्रिणींनो. तिचा रोज बुडत असतो. तिच्या मनात चित्र असतं, पण हात गुंतलेले असतात. ते हात मोकळे व्हायला कुणीतरी त्या वेळेची किंमत मान्य करावी लागते.

चार भिंतींत: सोनाबाई

भारत भवनचेच लोक १९८३ मध्ये गावोगाव कलाकार शोधत सरगुजा भागात, आजच्या छत्तीसगडमध्ये, पुहपुटरा गावी गेले. तिथे त्यांना सोनाबाई रजवार यांचं घर सापडलं, आणि ते बघतच राहिले.

सोनाबाईंची हकीगत अवघड आहे. नवऱ्याने त्यांना जवळजवळ १५ वर्षं घराबाहेर पडू दिलं नाही. माहेर नाही, शेजारीण नाही, बाजार नाही. सोबतीला फक्त लहान मुलगा. त्याला खेळणी कोण आणणार? त्यांनी अंगणातली माती घेतली आणि खेळणी केली. मग चिमण्या, माकडं, गुरं, झाडावर चढलेली माणसं, नाचणाऱ्या बाया. जे बाहेर होतं आणि बघायला मिळत नव्हतं, ते सगळं त्यांनी घरात घडवलं. घरात अंधार आणि उकाडा असायचा. त्यावर त्यांनी बांबूच्या पट्ट्या वाकवून गोल बांधले, त्यावर माती लिंपली, आणि उजेड-वारा येईल अशा जाळ्या उभ्या केल्या. जाळीत जागोजागी पाखरं बसवली. रंग करायला सुरुवातीला स्वयंपाकघरातले मसाले आणि झाडपाला. त्यांना कुणी गुरू नव्हता.

पुढे त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार मिळाला, परदेशात त्यांच्या कामाची प्रदर्शनं झाली. गावातल्या इतर बायकांनी, मुलांनी त्यांच्याकडून काम शिकून घेतलं. २००७ मध्ये त्या गेल्या.

इथे आम्ही एक सांगून ठेवतो. सोनाबाईंना कोंडलं म्हणून त्या कलाकार झाल्या, असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. कोंडून घातलेल्या हजारो बायका नुसत्या कोमेजून जातात. कोंडणं हा अन्यायच होता. त्या अन्यायात त्यांनी स्वतःला जिवंत ठेवलं, ही त्यांची कमाई.

सत्तरीत हातात ब्रश: जोधईयाबाई

“आता या वयात काय शिकायचं?” असं म्हणणाऱ्या मावश्यांसाठी ही शेवटची गोष्ट. मध्य प्रदेशातल्या उमरिया जिल्ह्यात लोढा गावच्या जोधईयाबाई बैगा. नवरा लवकर गेला, मुलं लहान. त्यांनी दगड फोडले, जंगलातून लाकूडफाटा आणून विकला. सगळा जन्म असाच गेला. वयाच्या सत्तरीच्या आसपास गावातल्या आशिष स्वामी या चित्रकार गुरूंकडे त्या शिकायला गेल्या. आधी शेणामातीच्या जमिनीवर, मग लाकडावर, मग कागदावर.

चित्रांत काय? तेच जंगल. मोहाचं झाड, वाघ, पाखरं, बैगांचे देव. आयुष्यभर ज्या जंगलात मोळीसाठी पाय झिजवले, ते आता रंगांत उतरलं. त्यांची चित्रं इटलीपर्यंत गेली. २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. डिसेंबर २०२४ मध्ये त्या गेल्या, तोवर त्या चित्र काढणारी बाई म्हणूनच जगल्या.

मग सुचतं कुठून?

आता आपल्या ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. या सगळ्यांच्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या तर उत्तर दिसतं. जिव्याबाबांनी जाळं काढलं, दुलारीदेवींनी तळं, जोधईयाबाईंनी मोहाचं झाड, गंगादेवींनी आपलं दुखणं. चानोदेवींनी तर हातावरचं गोंदण काढलं. कुणीही दूरचं काही आणलं नाही. जे रोज पाहिलं, रोज केलं, रोज सोसलं, त्याच्याकडे त्यांनी जरा जास्त वेळ बघितलं, एवढंच.

म्हणजे ताई, तुम्हाला सुचत नाही असं नाही. तुम्ही ज्याला चित्र मानत नाही, तिथेच तुमचं चित्र आहे. टँकरपुढची हंड्यांची रांग, ऊसतोडीला निघालेली बैलगाडी, कोपी, खुरपणीला बसलेल्या बायकांच्या पाठी, बचत गटाची पेटी, आठवडी बाजार, एसटीची वाट बघणारी लेकुरवाळी. हे मोर आणि कमळापेक्षा कमी नाही.

पण नुसतं सुचून भागत नाही, हेही या गोष्टी सांगतात. प्रत्येकीला तीन गोष्टी लागल्या. साहित्य, वेळ, आणि “तुझं तू काढ” म्हणणारं कुणीतरी. दुलारीदेवींना कर्पूरीदेवी भेटल्या, भुरीबाईंना स्वामिनाथन. गावात अशी माणसं सहसा चालून येत नाहीत. मग आपल्या गटानेच ते काम का करू नये?

गटासाठी चार गोष्टी

पहिली गोष्ट, मजुरी धरा. आपण वस्तूची किंमत काढताना कागद-रंग मोजतो आणि आपला वेळ फुकट धरतो. हिशोब असा करा. समजा एका चित्राला रोज ४ तास असे ३ दिवस लागले. झाले १२ तास, म्हणजे ८ तासांचे दीड दिवस. तुमच्याकडे खुरपणीचा रोज ३०० रुपये असेल तर मजुरी झाली ४५० रुपये. कागद, रंग, फ्रेमचा पुठ्ठा मिळून ८० रुपये. झाले ५३०. याच्या खाली विकलं तर तुम्ही पदरचे घालताय. भुरीबाईंचा प्रश्न विसरू नका.

दुसरी, नाव घाला. चित्राच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव, गाव आणि साल लिहा. सही येत नसेल तर एक खूण ठरवा आणि ती कधी बदलू नका. गटाच्या नावाने विकलं तरी काढणारीचं नाव मागे असलंच पाहिजे. वारली सवाशिणींचं झालं ते आपलं होऊ देऊ नका. विकण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि वहीत नोंद करा: कोणतं चित्र, कुणी घेतलं, किती पैसे आले. पैसे ज्या बाईचे तिच्या खात्यात जाऊ द्या.

तिसरी, दुसऱ्याचं उचलू नका. मधुबनी चित्रांना २००७ मध्ये आणि वारली चित्रांना २०१४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं आहे. साध्या भाषेत सांगायचं तर हे नाव त्या मुलखाच्या आणि तिथल्या कलाकारांच्या मालाला आहे, जसं कोल्हापुरी चपलेला कोल्हापूरचं नाव. छापाने वारली माणसं उठवून ‘अस्सल वारली’ म्हणून विकणं म्हणजे दुसऱ्या बाईच्या पोटावर पाय देणं. शिकायला जरूर काढून बघा. पण विकायला आपलं काढा. आपल्याकडे गोंदण आहे, चैत्रांगण आहे, गोधडीची ठिगळं आहेत, कणगीवरची नक्षी आहे. गोष्टीला तोटा नाही.

चौथी, वेळ मागा. घरात सांगा की मंगळवारी दुपारचे दोन तास माझे. पहिल्यांदा कुरकुर होईल. सगळ्या गटाने एकच दिवस ठरवला तर कुरकुर कमी होते, हा आपला बैठकीच्या दिवसाचा अनुभव आहेच.

पुढच्या बैठकीत

एक सोपी गोष्ट करून बघा. बैठकीत प्रत्येकीला एक कोरा कागद आणि पेन्सिल द्या. ‘काल दिवसभरात मी काय केलं’ एवढंच काढायला सांगा. सुंदर आलं पाहिजे असं नाही, खाडाखोड चालेल, बघून काढायचं मात्र नाही. अर्ध्या तासाने सगळे कागद जमिनीवर मांडा आणि प्रत्येकीला आपलं चित्र बोलून दाखवू द्या. कुणी हसलं तर हसू द्या, चित्र काढणारीही हसेल. मग कोपऱ्यात नाव घाला.

ते कागद जपून ठेवा, रद्दीत घालू नका, चुलीत तर नकोच. आमच्याकडे फोटो पाठवलेत तर रेडिओवरून आम्ही त्यांच्याबद्दल बोलू, आणि ज्या बाईने काढलं तिचं नाव घेऊन बोलू.

आणि फोन करणाऱ्या त्या ताईंना आमचं एक सांगणं. पुढच्या लग्नात बोलावणं आलं की जाल तेव्हा बघून काढायचं ते काढाच. पण एका कोपऱ्यात, कुणाच्या लक्षात येईल न येईल, एक गोष्ट तुमची काढा.

बरंय मैत्रिणींनो, भेटू या. नमस्कार.